आभाळ वजा करणारे वेलकर सर

आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक वेलकर सर ताऱ्यांचा अभ्यास भर दुपारी करीत. मधली सुट्टी झाली की ते चित्रकलेच्या वर्गात जात, उत्तरेकडची मोठी खिडकी उघडत आणि तिथल्या लांब टेबलावर विश्व पसरून बसत. रात्री आकाशाकडे मान वर करून पाहताना त्यांना कुणी पाहिले नव्हते. मी एकदा कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "गिरगावातून रात्री काय दिसणार, दाबके? समोरच्या चाळीतले दिवे दिसतात. ते मला पाठ आहेत."

याचा उलगडा करायला हवा. परदेशातल्या एका वेधशाळेने आकाशाची छायाचित्रे घेतली होती आणि सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांतल्या काहींच्या कागदी प्रती त्यांना पाठवल्या होत्या. या प्रती उलट्या असत. म्हणजे आकाश पांढरे आणि तारे काळे, कागदावर मिरपूड सांडावी तसे. त्या मिरपुडीत मधूनच एखादा धूसर, लांबट डाग दिसे. ती दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची एक अख्खी वसाहत. आपल्या जवळपासच्या दीर्घिकांची पाहणी करायची, कुणाचा आकार कसा आणि कुणाच्या ताऱ्यांचे वजन किती ते ठरवायचे, असा सरांचा संकल्प होता. हे काम त्यांना कुणीही सांगितलेले नव्हते. "शेजाऱ्यांची चौकशी करायला परवानगी कशाला लागते? आमच्या खोताच्या वाडीत कुणी घेत नाही," असे ते म्हणत.

वजन काढायची रीत त्यांनी मला समजावून दिली होती. आकाशाच्या प्रत्येक भागाची दोन छायाचित्रे असत, एक लाल प्रकाशातले आणि एक निळ्या. तरुण, निळे तारे फार भपकेबाज, पण संख्येने थोडे. म्हातारे तारे तांबूस आणि मंद, पण त्यांची गर्दी अफाट. दीर्घिकेचे बहुतेक वजन त्यांच्यातच असते. "निळा उजेड डोळ्यांत भरतो, दाबके. वजन लाल उजेडात असतं." आमच्या नव्या, तरुण मुख्याध्यापकांचे पहिले भाषण संपल्यावर सरांनी हेच वाक्य शिक्षकांच्या खोलीत उच्चारले, आणि कुणी स्पष्टीकरण मागितले नाही.

पण त्यांचे खरे घोषवाक्य वेगळे होते: "आधी आभाळ वजा करा." छायाचित्रातले रिकामे आभाळही पुरते पांढरे नसते, त्याला फिकट राखी छटा असते आणि ती छटा दीर्घिकेच्या अंगावरही चढलेली असते. म्हणून दीर्घिकेचा काळेपणा मोजायचा, तिच्या लगतच्या रिकाम्या जागेचा मोजायचा आणि दुसरा पहिल्यातून वजा करायचा. उरेल तो उजेड दीर्घिकेचा स्वतःचा. "जागा मात्र अगदी शेजारची हवी," ते बजावत. "लांबचं आभाळ चालत नाही."

एवढे ज्ञान दीर्घिकांपुरते राहिले असते तर शाळेत शांतता नांदली असती. माझ्या भूगोलाच्या वर्गाचा निकाल उत्तम लागला, तेव्हा त्यांनी प्रथम इतर तुकड्यांचे निकाल मागवले आणि नंतर माझे अभिनंदन केले, तेही जपून. लग्नाच्या पंगतीत कुणी "जेवण फक्कड झालंय" म्हणाले, तर ते विचारत, "सकाळपासून काही खाल्लं होतंत का?"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. नववीतला एक मुलगा मोर्च्यातून आला आणि आपण सगळ्यांत मोठ्याने घोषणा दिली असे सांगू लागला. सर म्हणाले, "हजारांच्या आवाजात तुझा किती, ते कसं कळणार? इथं एकटा दे." मुलाने रिकाम्या व्हरांड्यात अशी घोषणा दिली की मुख्याध्यापक चष्मा हातात घेऊन बाहेर आले. "याची स्वतःची आहे," सर त्यांना समाधानाने म्हणाले. "तुम्ही कामाला लागा."

मुंबई महाराष्ट्राला मिळावी की नाही यावर शिक्षकांच्या खोलीत रोज रण माजे. एकदा सरांना त्यांचे मत विचारले. त्यांनी एक प्रत आणली, दीर्घिकेच्या ठसठशीत मध्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "आता आकार सांगा." भोवती विस्कळीत राखी धूर उरला होता. "झालं तर मग," म्हणत त्यांनी अंगठा उचलला आणि प्रत घेऊन निघून गेले.

आता सावंत मास्तरांकडे यायला हवे. ते चित्रकलेचे शिक्षक. लालबागला राहणारे, मूळचे मालवणकडचे. सरांना काळेपणा मोजण्यासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखी छटांची जी पट्टी लागे, ती त्यांनीच रंगवून दिली होती. पण दोघांची दोस्ती ताऱ्यांमुळे झालेली नव्हती, ती माशांमुळे झाली. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मासे खाण्यास मनाई होती. वेलकर सर मुंबईच्या जुन्या प्रभू घराण्यातले, ब्रह्मचारी, शाकाहारी खानावळीत जेवणारे; माशांवाचून कष्टी. सावंत मास्तर डबा घेऊन चित्रकलेच्या वर्गात बसत. अशा रीतीने त्या लांब टेबलाच्या एका टोकाला विश्व आणि दुसऱ्या टोकाला बांगडा, अशी व्यवस्था कित्येक वर्षे चालली.

"वेलकरांनू, आधी जेवा," सावंत मास्तर म्हणत. "ताऱ्यांका पाय नाय हत. पळान जावचे नाय."

"ते पळतातच आहेत, सावंत. दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत."

"मगे तर जेवाच. तुमच्यान धरूचे नाय ते."

एके दिवशी सर माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा विजयी होता. एका दीर्घिकेच्या कुशीत त्यांना एक अतिशय फिकट, लंबगोल सोबतीण सापडली होती. विशेष म्हणजे ती लाल प्रतीत होती आणि निळ्या प्रतीत अजिबात नव्हती. यावरून सरांनी बिनतोड अनुमान काढले की हिच्यात तरुण तारा एकही नाही. ही केवळ वृद्धांची वसाहत आहे, आणि आकाराच्या मानाने फार वजनदार आहे. आभाळ वजा करूनही ती उरत होती. वेधशाळेला कळवायचा मजकूरही त्यांनी मनात जुळवला होता.

आम्ही चित्रकलेच्या वर्गात गेलो, तेव्हा सावंत मास्तरांनी भिंग हातात घेतले, पाहिले, मग नाक कागदाजवळ नेले.

"ह्या बांगड्याचा तिखला हा," ते म्हणाले. "बुधवारचा."

सरांनी स्वतः कागदाचा वास घेतला. "वजनाबद्दल मी चुकलो नाही," ते म्हणाले. "कालवणातलं खोबरेल जडच असतं." त्या दिवसापासून टेबलाच्या मध्यावर खडूची एक रेघ आली. ती ओलांडायला डब्याला बंदी होती. सावंत मास्तर मात्र रोज ओलांडत.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या तोंडावर सावंत मास्तर निवृत्त व्हायचे होते. निरोपाच्या समारंभाची व्यवस्था माझ्याकडे होती. वेलकर सरांना बोलू देऊ नये, असे मला तिघाचौघांनी बजावले. शेवटी मी सावंत मास्तरांनाच विचारले.

ते ब्रश धूत होते. "त्येंका बोलूक देव नकात," ते म्हणाले. "आभाळ वजा करून बसतले, आणि माझ्या वाट्याक कायच उरूचा नाय." ते हसले, पण नळ बराच वेळ चालू राहिला. "इतकी वर्सां पोरांका आंबो नि मडको काढूक शिकवलंय, दाबक्यांनू. त्येच्यात उरण्यासारख्या काय हा, माकाव म्हायत नाय." मग नळ बंद करून म्हणाले, "पण बोलूचा तर त्येनीच. बाकीचे बोलतले ता माका आत्ताच पाठ हा."

समारंभात बाकीचे बोलले. मनमिळाऊ, निगर्वी, विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष. सावंत मास्तर हाराखाली मान घालून ऐकत होते. मग वेलकर सर उठले.

"अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "ही चारही विशेषणं मी या सभागृहात प्रत्येक निरोपाला ऐकली आहेत. ज्यांच्या छडीमुळं मुलं शाळा सोडून गेली, त्यांनाही ती मिळाली होती. म्हणून मी ती वजा करतो."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. मी मुख्याध्यापकांकडे पाहायचे टाळले.

"वजाबाकीत चूक होण्याचा संभव असतो. आभाळ जितकं उजळ, तितका संभव अधिक. सर्वांत भरवशाचं मोजमाप होतं ते आभाळ अगदी काळं असताना. चळवळीत एक दिवस शहर कडकडीत बंद होतं. ट्राम बंद, शाळा बंद, माझी खानावळ बंद. मला निवांतपणा मिळाला म्हणून मी चित्रकलेच्या वर्गात काम करीत बसलो होतो. त्या दिवशी कुणी कुणासाठी काही करावं अशी अपेक्षा नव्हती. सवयीनं किंवा कर्तव्य म्हणून काही घडण्याजोगं नव्हतं. म्हणजे आभाळ शून्य. अशा दिवशी दुपारी सावंत लालबागहून चालत आले. म्हणाले, 'माझो ब्रश ऱ्हवलो हय, फलक रंगवूचे हत.' मग म्हणाले, डबा सहज सोबत आणलाय. ब्रश त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता."

सरांनी खिशातून रुमाल काढला नाही की डोळेही पुसले नाहीत. एखादे गणित सोडवून झाल्यावर फळ्याकडे पाहावे, तसे त्यांनी समोर पाहिले.

"वजा करायला काहीच नव्हतं. दिसला तो सगळा उजेड यांचाच. माझी पाहणी पूर्ण झाली." आणि ते खाली बसले.

सत्काराला उत्तर द्यायला सावंत मास्तर उठले. लिहून आणलेला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि श्रोत्यांकडे पाठ फिरवून सरांना विचारले, "ब्रश खिशात होतो, ता तुमका दिसला?"

"भिंगाशिवाय," सर म्हणाले.

"मगे तेव्हा कित्याक नाय बोललास?"

"जेवण निवलं असतं."

सावंत मास्तर पुन्हा श्रोत्यांकडे वळले, हात जोडले आणि दुसरे काहीही न बोलता बसले.

जूनमध्ये शाळा उघडली. राज्य झाले होते, मुंबई मिळाली होती, आणि शिक्षकांच्या खोलीत भांडायला विषय नसल्यामुळे सगळे एकमेकांशी फार गोड बोलत होते. मधल्या सुट्टीत मी नकाशे ठेवायला चित्रकलेच्या वर्गात गेलो. उत्तरेची खिडकी उघडी होती. वेलकर सर टेबलाच्या आपल्या टोकाला बसले होते. दीर्घिकांच्या प्रती कपाटातच होत्या, भिंगही बाहेर काढलेले नव्हते. खडूची रेघ कुणीतरी नव्याने ओढली होती, आणि रेघेपलीकडची जागा स्वच्छ पुसलेली होती.

"काय चाललंय, सर?" मी विचारले.

त्यांची नजर त्या जागेवरून हलली नाही.

"आभाळ मोजतोय," ते म्हणाले.