दीड दिवसाचा बाळ येशू

यंदाच्या नाताळात घरात सांताची लाल टोपी येणार नाही, असं शांतवन साळव्यांनी नोव्हेंबरातच जाहीर करून टाकलं. साळवे मूळचे नगरकडचे, रोह्याच्या एका कंपनीत नोकरीला. वरसे गावातल्या त्यांच्या कॉलनीत ख्रिस्ती घर हे एवढं एकच.

कारणही तसंच घडलं होतं. सात वर्षांची शलोमी जेवणाआधी डोळे मिटून म्हणाली होती, "प्रभू येशू, सांताला सांग, सायकल लालच पाहिजे." पोरीने देवाला निरोप्या करून ठेवलेला पाहून साळव्यांनी ताट बाजूला सारलं.

"अहो, टोपी घातली म्हणून पोर काय धर्म सोडणार आहे?" फ्लोराबाई म्हणाल्या. "शाळेत सगळी मुलं घालतात. वर्गात ख्रिस्ती आपली एकटीच, आणि टोपी नाही ती तिलाच!"

"टोपी आली की येशू मागे पडतो. आपल्याकडे फक्त गव्हाणीतला बाळ येशू. वाढदिवस कुणाचा, ते तिला कळू दे."

हेच त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना फोनवर जरा मोठ्या आवाजात सांगितलं. पाळकसाहेब इतके खूश झाले की चोवीस तारखेच्या संध्याकाळची प्रार्थना तुमच्याच घरी घेतो म्हणाले. आठवडाभर साळवे छाती काढून चालत होते.

मूर्ती हवी तर पेणला जायचं, हे रोह्यात कुणाला सांगावं लागत नाही. रामवाडीच्या कान्हू मूर्तिकाराने गणपतींच्या रांगेत जागा करून मरिया, योसेफ, दोन मेंढरं आणि वीतभर बाळ येशू घडवून दिले. मरियेचं नाक जरा गौरीवर गेलं होतं, पण बाळ फारच गोंडस होतं.

"शाडूचाच हाय, साहेब. प्लास्टर नाय," कान्हूने अभिमानाने सांगितलं.

बावीस तारखेच्या संध्याकाळी गव्हाणी मांडली. शलोमी सायकल विसरून तिच्यापुढे बसली. शेजारच्या सगुणाकाकीने बाळापुढे जास्वंदीचं फूल ठेवलं आणि हात जोडले. साळव्यांना अगदी भरून आलं.

चोवीस तारखेला दुपारी ते कामावरून आले, तर गव्हाणीतल्या गवतावर बाळ नव्हतं.

"शलोमी, बाळ कुठंय?"

"गेला."

"कुठं गेला?"

"त्याच्या गावाला. दीड दिवस झाला ना!"

साळवे न्हाणीघराकडे धावले. बादलीच्या तळाशी गाळ बसला होता आणि वर जास्वंद तरंगत होतं. काकीकडचा गणपती दीड दिवसाचा. दरवर्षी शलोमी त्याला पोचवायला नदीवर जायची. मूर्तीची रीत तिला तेवढी एकच ठाऊक होती.

"मी नीट केलं, पप्पा. आधी नाताळचं गाणं म्हटलं, मग तीनदा बुडवलं."

साळव्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना, येशू पुन्हा येणार आहे म्हणून? मग आधी जायला नको?"

साळवे स्वतः संडेस्कुलात मुलांना हेच शिकवायचे. ओरडायचं सोडून त्यांनी बादलीतलं जास्वंद बाहेर काढलं.

"बाळाच्या जागी तिची बाहुली ठेवू या," फ्लोराबाईंनी सुचवलं.

"सोनेरी केसांची? आणि डोळे मिचकावणारी?" साळव्यांनी मोटारसायकलला किक मारली.

पेणला कान्हूने सगळी हकिगत शांतपणे ऐकली. "विरघळला ना नीट?"

"पूर्ण."

"मंग! शाडूच त्यो. पर साहेब, दीड दिसाचा हाय ते आधी सांगायचं व्हतं. मी दोन केले असते." त्याने तासाभरात नवं बाळ घडवलं. "ओला हाय. वाळायला चार दिस लागतील. हिसका लागू देऊ नका."

खोक्यात चिंध्या घालून साळवे निघाले. वडखळपर्यंतच्या खड्ड्यांनी चिंध्या एका बाजूला गेल्या आणि बाळाचा एक पाय वाकला. साळव्यांनी गाडी बाजूला घेतली. बाळाला मऊ, जाड काहीतरी हवं होतं. नाक्यावर एक बाई मऊ, जाड काहीतरीच विकत होती. लाल, कडेला पांढरी लव, टोकाला गोंडा.

साळव्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग एक टोपी घेतली. बाळ तिच्यात गळ्यापर्यंत असं बसलं, जणू मापानेच शिवली होती. घरी गेल्यावर काढून टाकू, असं मनाशी म्हणत त्यांनी ते जाकिटाच्या आत पोटाशी ठेवून चेन लावली आणि रोह्यापर्यंत गाडी सायकलच्या वेगाने नेली.

घरी पाहतात तर लव मातीत घट्ट रुतलेली. फ्लोराबाईंनी टोपी जरा ओढली, तर खांद्याची थोडी माती निघून आली.

"ओढू नको! बाळ मोडेल!"

तेवढ्यात दारात पाळकसाहेब, मागे सगुणाकाकी आणि निम्मी कॉलनी. साळव्यांनी बाळ टोपीसकट गवतावर ठेवलं.

पाळकसाहेब वाकले आणि त्यांनी चष्मा पुसला. "शांतवन, ही सांताची टोपी ना?"

"बाळंतं आहे, साहेब," साळवे म्हणाले. "गुंडाळायला दुसरं काही मिळालं नाही."

"मरियेला तर जागाही नव्हती मिळाली," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी बायबल उघडलं.

प्रार्थना झाली. केक वाटला. शलोमी वडिलांच्या मांडीवर येऊन बसली. "पप्पा, या बाळाला कधी पोचवायचं?"

"याला नाही पोचवायचं. हा आपल्याकडे राहायला आलाय."

ती हरखली. मग तिने हळूच गोंड्याला हात लावला. "आणि टोपी?"

साळव्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती.

"असू दे," ते म्हणाले. "थंडी आहे."