नानाजींची गाडी आपल्या चाकांवर येते

“भाड्याची जीप कायले पाह्यजे? माही गाडी नागभीडले जाईन, पाहुण्यायले घेऊन येईन, अन् वरतून चार्जिंग उरन!”

नानाजींनी हे अशा थाटात जाहीर केलं, की चुलीवरची भाजीसुद्धा क्षणभर खदखदायची थांबली. साधनाबाई मात्र थांबल्या नाहीत.

“मागच्या बाजाराले तुमची गाडी रस्त्यात बंद पडली, तवा भाजीवाल्यानं तिच्यावर मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या!”

“त्या दिवशी थंडी होती. बॅटरीले थंडी सोसत नाई.”

“अन् उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात तिले गरमी होते.”

“अन् पावसाळ्यात तुमी तिच्यावर छत्री धरता! नवी गाडी घ्या म्हणते मी!”

शाळेतून निवृत्त झाल्यावर नानाजींनी ही विजेवरची गाडी घेतली, तेव्हा सावरटोला गावातली माणसं ती चालू आहे की बंद, हे बघायला तिला कान लावत. तेव्हा ती एका दमात चंद्रपूरला जायची. आता वय झालं होतं. रात्रभर वीज पिऊनही नागभीडला जाऊन परत येईपर्यंत तिची जीभ बाहेर पडे. चंद्रपूरच्या मेकॅनिकनं सांगितलं, “एक तर नवी बॅटरी टाका, नाई त नवी गाडी घ्या.” झालं! महिनाभर घरात दोन पक्ष पडले होते. नानाजी दुरुस्ती पक्षाचे, साधनाबाई बदली पक्षाच्या. तिसरा मतदार नव्हता.

त्या रात्री गावात नाटक होतं. धान घरात आलं की या भागात गावोगाव नाटकं होतात, आणि नाटकाच्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणे नाहीत त्याला तोंड दाखवायला जागा नसते. साधनाबाईंचे थोरले भाऊ इतवारीभाऊ आणि वहिनी रुखमाबाई दुपारच्या रेल्वेनं नागभीडला उतरणार होते.

“असं करा,” साधनाबाई म्हणाल्या. “पाहुण्यायले घेऊन तुमची गाडी आपल्या चाकावर दारात आली, त टाका नवी बॅटरी. नाई आली, त उद्याच विकाची. निकाल दादा देईन, मी आताच त्याले फोन करून सांगते!”

“मंजूर!” नानाजी म्हणाले, आणि फडकं घेऊन गाडीचे दिवे पुसू लागले.

जाताना गाडी फुलासारखी गेली. स्टेशनवर मात्र नानाजी मनातल्या मनात वजनं मोजू लागले. इतवारीभाऊ एकटेच दोन माणसांच्या वजनाचे होते. त्यांच्या मागून लाखोरीच्या डाळीचं पोतं आलं. पोत्यामागून टोपलीत दोन कोंबड्या आल्या. सगळ्यात शेवटी रुखमाबाई आल्या, कडेवर मूल घ्यावं तसा कोहळा घेऊन!

“जवाईबुवा, गाडी चालू करा नं!” इतवारीभाऊ मागच्या सीटवर बसताच गाडी कुल्ल्यावर बसल्यासारखी खचली.

“चालूच हाय जी.”

“आवाज त येऊन नाई राह्यला!”

“तेच त तिचं खास हाय.”

“आमच्याकडे आवाज बंद झाला का माणसाले तिरडीवर घेतात,” इतवारीभाऊ म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले, की कोंबड्या फडफडल्या.

कानपा गाव मागे पडलं तोच रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. “मले मळमळून राह्यलं, जवाईबुवा. थंडी हवा लावा.”

“खिडकी उघडू का, वहिनी?”

“नको बाप्पा, धूळ येते!”

एसी लागला. चाळणीत पाणी ओतावं तशी वीज गळू लागली. नानाजींची एक नजर रस्त्यावर आणि दहा नजरा चार्जिंगच्या आकड्यावर! जंगलातला चढ सुरू झाला आणि समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उगवलं.

“हे कासव कायचं जी?”

“गाडी म्हणते, सावकाश चला. निसर्ग पाहा.”

गाडी एवढी सावकाश झाली, की निसर्गच तिला पाहू लागला.

“इतवारीभाऊ,” नानाजी अत्यंत अदबीनं म्हणाले, “जरा पाय मोकळे करता का?”

इतवारीभाऊ उतरले. मग रुखमाबाई कोहळ्यासकट उतरल्या. मग कोंबड्या उतरवल्या. पाहुणे गाडीच्या बाजूनं चालू लागले आणि बघता बघता पुढे निघून गेले! चढाच्या माथ्यावर दगडावर बसून रुखमाबाई पदरानं वारा घेत होत्या, तेव्हा कुठे गाडी तिथवर आली. आली आणि थांबली. दिवे चालू, कासव चालू, बाकी सगळं बंद.

“जवाईबुवा, निकाल सांगू का?” इतवारीभाऊंनी विचारलं.

“थांबा जी! घर अजून आलं नाई!”

गाडी विकली जाणार! नानाजींच्या डोळ्यांपुढे अंगणातली रिकामी जागा आली, आणि त्या जागेवर वाळत घातलेली साधनाबाईंची लुगडी. तेवढ्यात तळ्याकडून मुखरू येताना दिसला. मुखरू म्हणजे नानाजींच्या शेजारच्या घरचा, आणि त्याच्यापुढे त्याची शंकरपटाची जोडी. बैलांच्या शर्यतीसाठी मुलांपेक्षा जास्त लाडात वाढवलेली! सोन्या आणि पाखऱ्या आताच आंघोळ करून चमकत होते.

“मुखरू, लेका, गाडी ओढून देतं का घरापर्यंत?”

“मास्तर, हे पटाचे बैलं हायेत. हे ओढत नाईत, पळतात.”

“हळू चालव ना मंग!”

“अन् साधनाचं काय?” इतवारीभाऊंनी डोळा मिचकावला. “आपल्या चाकावर आली पाह्यजे म्हणे.”

“चाकं कोणाची हायेत? गाडीचीच ना! बैलायले चाकं हायेत का?”

हा मुद्दा बिनतोड होता. दोर बांधला. मुखरू गाडीच्या बोनेटवर मांडी घालून बसला, कासरा हातात घेतला आणि जोडी नवरीसारखी हळूच निघाली. मागे पाहुणे, कोहळा, कोंबड्या सगळे परत आत. साऱ्या जिल्ह्यात इतकी शांत सवारी निघाली नसेल!

आणि मागून नाटकाच्या जाहिरातीची जीप आली. तिच्यावर भोंगा.

“हो हो हो! रसिकहो! तयार राहा!”

मुखरूचा चेहरा पांढरा पडला. पटाच्या मैदानात आधी भोंगा बोंबलतो आणि मग जोड्या सुटतात, हे सोन्या-पाखऱ्या बारा गावच्या धुळीत शिकले होते. त्यांनी कान टवकारले, शेपट्या उभ्या केल्या आणि सुटले!

“हो! हो!” मुखरू ओरडला. ते बैलांना थांबा वाटलं नाही, शाबास वाटलं.

“अवो माय!” रुखमाबाईंनी कोहळ्याला मिठी मारली.

“जवाईबुवा, बिरेक! बिरेक!”

नानाजींनी ब्रेकवर पाय रोवला. बैल ऐकेनात. पण समोरच्या पडद्यावर काहीतरी हललं. ब्रेक दाबला की फिरत्या चाकांची ताकद वीज होऊन परत बॅटरीत जाते, हे नानाजींनी गाडीच्या माहितीपुस्तकात वाचलं होतं. आता ते डोळ्यांनी दिसत होतं! आकडा चढत होता! कासव गेलं!

“चार्जिंग होऊन राह्यली!” नानाजी आनंदानं किंचाळले. “मुखरू, पळू दे!”

“मी कुठी पळवून राह्यलो, मास्तर!”

कोंबड्या टोपलीतून निघून इतवारीभाऊंच्या डोक्यावर बसल्या. भोंग्याची जीप शर्यत समजून मागे लागली. वेशीवरची पोरं टाळ्या पिटू लागली आणि बैलांना वाटलं, आता तर जिंकलोच! सगळी मिरवणूक नाटकाच्या मंडपात शिरली. प्रेक्षकांना बसायला तिथं ताजी तणस पसरली होती. एवढा धानाचा पेंढा पाहून सोन्या-पाखऱ्या जागच्या जागी थांबले आणि मान खाली घालून जेवायला बसले.

साधनाबाई बायकांबरोबर तिथंच उभ्या होत्या. “हे काय जी?”

नानाजी उतरले, दोर सोडला, परत आत बसले आणि ऐटीत पाय दाबला. गाडी निघाली! मंडपातून घरापर्यंत, बैलाविना, दोराविना, आपल्या चाकांवर!

साधनाबाई मागोमाग दारात पोचल्या, तेव्हा इतवारीभाऊ उतरत होते. त्यांच्या केसांत पिसं होती, पण चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

“साधना, निकाल आयक. अशी गाडी अख्ख्या महाराष्ट्रात नाई! विकशीन त याद राख!”

साधनाबाईंनी दादाच्या केसांतलं एक पीस काढलं. मग म्हणाल्या, “टाका बाप्पा नवी बॅटरी.”

त्या रात्री नाटकात काय झालं ते नानाजींना आठवत नाही. ते गालातल्या गालात हसत होते, करुण प्रसंगातही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना परत निघायचं होतं. नानाजींनी पहाटेपासून गाडी धुतली होती. बॅटरी काठोकाठ भरली होती. त्यांनी राजवाड्याचा दरवाजा उघडावा तसं दार उघडलं.

“बसा, वहिनी! आता थेट स्टेशन!”

रुखमाबाई बसल्या नाहीत. त्यांनी गाडीच्या पुढे जाऊन पाहिलं, मग मागे जाऊन पाहिलं.

“जवाईबुवा, बैलं कुठी हायेत?”

“बैलं कायले? गाडी पूर्ण भरून हाय!”

“मंग राहू द्या,” इतवारीभाऊ तोंड पाडून म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली. “आमी बसनं जातो.”

नानाजींनी भरल्या बॅटरीकडे पाहिलं. साधनाबाईंकडे पाहिलं. मग गाडीचं दार हळूच लावलं आणि मुखरूच्या घराकडे चालू लागले.