सगुणाकाकूंचे तीन दिवस

आमच्या सक्करदऱ्याच्या शेजारीण सगुणाकाकू पासष्टी ओलांडल्यावरही दर महिन्याला तीन दिवस ‘बाहेर’ बसत. अंगणाच्या टोकाला त्यासाठीच बांधलेली कौलारू खोली होती. काकूंच्या सुनेने लग्नानंतर ही चाल मोडली. काकूंनी मात्र नेमाने चालू ठेवली. मी तेव्हा नवी नवरी, त्यात बी.एस्सी. त्यांचं वय आणि शरीरशास्त्र माझ्या डोक्यात काही केल्या जुळेना.

तिथी आली की काकू तांब्या घेऊन निघत. कोणी आडवं आलं तर म्हणत, “सरक वं, आम्ही बसाले चाललो.” एकटी बाई आणि हे ‘आम्ही’! जेवणाची ताटंही दोन लागत. एक चाटूनपुसून परत येई. दुसऱ्यातला भात नुसता बोटांनी चिवडलेला असे.

एकदा मे महिन्यातल्या भर दुपारी मी कुंपणातून डोकावले. खोलीत काकू खडूने आखलेल्या पटावर चंगाअष्टा खेळत होत्या. चिंचोके टाकायचे, समोर सरकवायचे आणि थांबायचं.

“पुन्हा चंगा? लबाड हायेस तू, गिरजे.”

समोर कोणी नव्हतं. पण पलीकडचा हिरव्या बांगडीचा तुकडा चार घरं पुढे गेला. काकूंचाच हात हलला असणार, मला नीट दिसलं नसेल, असं मी आजही स्वतःला समजावते. त्या दिवशी मात्र विज्ञानाची पदवीधर चपला तिथेच टाकून घरी पळाली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात काकूंच्या मुलाने, वसंतरावांनी, स्कूटर घेतली आणि ती ठेवायला ती खोली पाडायचं ठरवलं. काकूंनी अन्न सोडलं आणि त्या खोलीत जाऊन बसल्या. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच समजवा, म्हणून वसंतरावांनी मला पाठवलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून पाळी कधी थांबते यावर छोटंसं व्याख्यान दिलं.

काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “मले का समजत नाही वं? बंद होऊन वीस वर्सं झाले.”

“मग का बसता?”

मग काकूंनी सांगितलं. गिरजा त्यांची धाकटी जाऊ. दोघींची तिथी एकच. घरात एकमेकींशी बोलायची चोरी, पण या खोलीत तीन दिवस पोट दुखेस्तोवर हसत. एका महिन्यात गिरजाला इथेच ताप भरला. विटाळशी म्हणून कोणी शिवेना. ती पाणी मागायची, काकू उंबऱ्यापाशी तांब्या ठेवून मागे सरायच्या. चौथ्या दिवसाची अंघोळ तिला लाभली नाही.

“तुम्ही आत का नाही गेलात?”

“वसंता पोटात होता. त्या महिन्यात मी बाहेर नव्हती.” मग माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, “तू आज बाहेर हायेस का?”

नव्हते. “हो,” म्हणाले आणि उंबरा ओलांडला.

मी बसायला गेले, तर काकूंनी माझा हात धरून बाजूला ओढलं. “तिथं नको. जराशी इकडं बस.”

मी सरकून बसले. माझ्या शेजारची फरशी, त्या मे महिन्यात, गारठलेली होती.

संध्याकाळी वसंतरावांना सांगितलं, स्कूटर आमच्या अंगणात लावत जा.