नेमेसियाबाईंचा झेब्रा

"रस्ता कसा ओलांडायचा हे या ला पाझ शहरात मला कुणी शिकवायचं नाही! पट्ट्यावर पाय पडला की गाडी थांबलीच पाहिजे. मग आत बिशप बसलेला असो नाहीतर मंत्री! आणि नाही थांबली, तर चूक गाडीची. काळ्या दगडावरची रेघ!"

हे बोल नेमेसियाबाईंचे. बाजाराच्या दारात त्या सालतेन्या विकत. रस्सा भरलेली ती गरम करंजी सदऱ्यावर न सांडता खाणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. पण करंजीपेक्षा बाईंची जीभ जास्त गरम! तिच्याच जोरावर त्या वस्तीच्या रहिवासी संघाच्या अध्यक्ष झाल्या होत्या, आणि तिच्याच जोरावर त्यांनी बाजारासमोर झेब्रा क्रॉसिंग मंजूर करून आणलं होतं.

त्यांना ते हवं होतं ते हुस्ताबाईंसाठी. हुस्ताबाई म्हणजे त्यांची कोमाद्रे. नेमेसियाबाईंच्या लेकाला बाप्तिस्म्यात हिनंच मांडीवर घेतलेलं, तेव्हा सख्ख्या बहिणीहून जवळची. हुस्ताबाईंचा गुडघा गेलेला. पलीकडून बाजारात यायचं तर एकतर चढावरच्या पुलाच्या पायऱ्या चढायच्या, नाहीतर मिनीबसच्या तोंडी जायचं.

पट्टे मारून झाल्यावर पालिकेचा इंजिनिअर बोट नाचवत म्हणाला, "हे बघा बाई, इथं अपघात झाला आणि चूक चालणाऱ्याची निघाली, तर पट्टे खरवडून लोखंडी कठडा ठोकीन. मग जा सगळ्याजणी पुलावरून!"

"चालणाऱ्याची चूक? माझ्या क्रॉसिंगवर?" नेमेसियाबाई हसल्या. "तुम्ही कठडा भंगारात विकून टाका!"

आता आमच्याकडे नवी वस्तू आली की तिची चाय्या झाल्याशिवाय ती वापरत नाहीत. घर असो, शिलाई मशीन असो, आधी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, बिअर पाजायची, पाकळ्या उधळायच्या, फटाके लावायचे. मग क्रॉसिंगनं काय घोडं मारलं होतं?

"पण रंग ओला आहे गं अजून," हुस्ताबाई पुटपुटल्या.

"धरणीमाता काय रंग वाळायची वाट बघत बसणार आहे? ओत!"

मग काय विचारता! बिअरच्या बाटल्यांवर बाटल्या फुटल्या. प्रत्येक बाईनं आपापला पट्टा निवडून त्याला आंघोळ घातली. वर पाकळ्या, पाकळ्यांवर रंगीत कागदाची चुरी, चुरीवर कागदी फिती. पांढरा पट्टा औषधालाही दिसेना! फटाक्यांचा धूर विरतोय न विरतोय तोच नेमेसियाबाईंनी शाल सारखी केली, गोल हॅट डोक्यावर बसवली आणि उजवा हात वर करून पहिलं पाऊल टाकलं.

नेमक्या त्याच वेळी चढावरून ग्रोव्हर ड्रायव्हरची मिनीबस आली.

ग्रोव्हरनं ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण बस थांबली नाही! बिअर आणि पाकळ्यांवरून ती अशी घसरत आली, की आतल्या प्रवाशांनी एकदम येशूचं नाव घेतलं. नेमेसियाबाई मात्र हलल्या नाहीत. हात वरच! बस येऊन त्यांच्या घेरदार परकरांना टेकली आणि थांबली. परकर एकाखाली एक पाच होते, म्हणून बाई वाचल्या. हॅट मात्र उडून चाकाखाली गेली.

"डोळे आहेत की बटणं?" बाई कडाडल्या.

"मावशी, भररस्त्यात कशाला कडमडलात?"

"भररस्त्यात? मी क्रॉसिंगवर आहे!"

"कुठंय क्रॉसिंग? मला तर वाटलं कुणाच्या लग्नाची वरात गेली इथून!"

"म्हणून वरातीत गाडी घालतोस होय रे मेल्या?"

वाहतूक पोलिसांतले सार्जंट तिकोना आले. त्यांनी दोघांचं ऐकलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "बाई, नियम तुमच्या बाजूनं आहे. क्रॉसिंगवर चालणाऱ्याचा हक्क पहिला. फक्त मला ते क्रॉसिंग दाखवा."

"हुस्ता! झाडू आण!"

हुस्ताबाईंनी झाडू आणला. अध्यक्षांच्या अब्रूचा प्रश्न! गुडघा विसरून त्या जिवाच्या आकांतानं झाडू लागल्या. चुरी गेली, पाकळ्या गेल्या... आणि बिअर पिऊन मऊ झालेला ओला रंगही गेला! खाली उरला दह्यासारखा पांढरट चिखल. पुरावा स्वच्छ झाडून टाकलेला!

तोपर्यंत इंजिनिअरही येऊन पोचला होता. त्याची नजर चिखलावर, मग पुलावर गेली. हुस्ताबाईंचा चेहरा पडला. नेमेसियाबाईंची नजर मात्र मिनीबसकडे गेली.

"सार्जंट, याच्या चाकांकडे बघा!" त्या ओरडल्या.

मिनीबसची चारी चाकं चुना फासल्यासारखी पांढरी होती!

"रंग कुठनं आला रे?" तिकोनांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? पण पट्टे कागदाखाली झाकले कुणी, ते विचारा की यांना!"

तिकोनांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे क्रॉसिंगवर गाडी घातली, ही याची चूक. आणि क्रॉसिंग लपवलं, ही बाई तुमची चूक. अर्धी-अर्धी."

"मग कठडा?" इंजिनिअरनं विचारलं.

"अर्धी चूक, तर अर्धा कठडा घाला! आणि उरलेल्या अर्ध्यातून आम्ही जाऊ!" नेमेसियाबाई म्हणाल्या.

इंजिनिअरला हसू आवरेना. शेवटी तो म्हणाला, "एक आठवडा देतो. आठवडाभर इथं तंटा नाही झाला, तर पुन्हा पट्टे मारतो. झाला, तर कठडा."

"पण पट्ट्यांशिवाय गाड्या थांबवायच्या कशा?" सार्जंटनं विचारलं. "शहरात तरुण पोरं झेब्र्याचा वेष घालून लोकांना रस्ता पार करून देतात, तसा एखादा झेब्रा असता तर..."

"वेष एक शिल्लक आहे," इंजिनिअर म्हणाला. "पण आत घालायला माणूस नाही."

"मी काय मेलेय का?" नेमेसियाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारासमोर झेब्रा उभा राहिला. बाईंनी परकर उतरवायला साफ नकार दिला होता, त्यामुळे झेब्रा नऊ महिने भरल्यासारखा दिसत होता. वर कानांच्या मधोमध नवी हॅट! पण हिंमत होती का कुणाची न थांबायची? गाडी दिसली की झेब्रा रस्त्याच्या मध्ये जाऊन बॉनेटवर खूर ठेवायचा आणि म्हणायचा, "चाव्या काढून देऊ का, की आपणहून थांबताय?" उन्हानं घामाच्या धारा लागल्या, एका कुत्र्यानं शेपटी ओढली, पण झेब्रा जागचा हलला नाही. हुस्ताबाई रोज त्याचा हात धरून रुबाबात पलीकडे जायच्या. गुडघ्याचं दुखणं गेलं नाही, पण रस्त्याची भीती गेली.

ग्रोव्हर तर झेब्रा दिसताच लांबूनच बस उभी करायचा, टोपी काढायचा आणि प्रवाशांना दबक्या आवाजात सांगायचा, "शांत बसा, ती बघतेय!"

आठवडाभर एकही तंटा झाला नाही. इंजिनिअरनं शब्द पाळला आणि पुन्हा पट्टे मारले. या खेपेला रंग खडखडीत वाळेपर्यंत नेमेसियाबाई बिअरची बाटली न उघडता मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग फक्त फुटपाथच्या कडेला दोन थेंब शिंपडले.

वेष परत गेला. सगळा बाजार बघायला जमला. नेमेसियाबाईंनी शाल सारखी केली, हुस्ताबाईंचा हात धरला, दुसरा हात वर केला आणि लखलखीत पांढऱ्या पट्ट्यावर पाऊल टाकलं.

झूऽऽम! ग्रोव्हरची मिनीबस त्यांच्या नाकासमोरून निघून गेली!

पुढे जाऊन ती करकचून थांबली. ग्रोव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बिचारा घाबराघुबरा झाला होता.

"माफ करा मावशी!" तो ओरडला. "साध्या कपड्यांत ओळखलंच नाही तुम्हाला!"