दुसरी हजेरी

आमच्या कॉलेजात रोज सकाळी दोन हजेऱ्या व्हायच्या. एक वर्गात, मुलांची; तिला निम्मा वर्ग नसायचा. दुसरी बॅलन्स रूममध्ये, एका यंत्राची. तिला मात्र झाडून सगळे हजर असायचे, कारण सगळ्यांच्या वतीनं मणेरभाई एकटेच ओ द्यायचे.

यंत्राचं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागायची. मेमरी सापडली, कीबोर्ड सापडला, पहिली डिस्क सापडली, दुसरी डिस्क सापडली. हात मागे बांधून मणेरभाई पडद्यासमोर उभे राहायचे आणि प्रत्येक ओळीला हलक्या आवाजात म्हणायचे, "हजर." फ्लॉपीची ओळ उशिरा यायची. तेव्हा ते मान पुढे काढून वाट बघायचे आणि ती आली की "रोजचीच लेट" असा शेरा मारायचे. शेजारीच माझी फिजिक्सची लॅब होती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, भिंतीपलीकडे कुणीतरी आजारी माणसाशी बोलतंय.

मणेरभाई म्हणजे आमचे लॅब असिस्टंट. भोरच्या बाजारपेठेत त्यांच्या घरचं पिढीजात बांगड्यांचं दुकान होतं. ते भावाकडे गेलं आणि हे रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करत करत कॉलेजात चिकटले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक बहीण मार्गासनीला दिलेली, ती ईदला यायची. एरवी हा माणूस एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात जेवायचा आणि कॉलेजात राहायचा. झोपण्यापुरती एक खोली होती, पण ती कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

यंत्र पुण्याच्या एका कारखान्यानं आम्हाला दान दिलं होतं. दान म्हणजे काय, तर त्यांना ते टाकायचं होतं आणि आम्हाला नको म्हणायचं सुचलं नाही. एके काळी त्यावर इंजिनिअर लोक मोठमोठी ड्रॉइंग काढत असत म्हणे. आमच्याकडे आलं तेव्हा कॉम्प्युटर विभागात नवे पीसी आले होते, त्यामुळे या धुडाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. केमिस्ट्रीचे तराजू पूर्वी जिथे असत त्या बॅलन्स रूममध्ये त्याची रवानगी झाली. तिथे एक खिडकी, तीही उत्तरेला, आणि आषाढ ते आश्विन भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा. मणेरभाईंनी तिथे युनिक्सच्या घराण्यातली, यंत्र चालवणारी एक फुकटची प्रणाली आणून बसवली. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून आणि एका जाडजूड इंग्रजी पुस्तकावरून ते शिकले. इंग्रजी बेताचं होतं. एकेका पानाला आठवडा लागायचा, पण पान सुटायचं नाही.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो कर्नेलमध्ये. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा: यंत्र सुरू झालं की आधी हा जागा होतो आणि कुठला भाग कुठे आहे ते ओळखून घेतो. सीडीवर येतो तो गाभा सगळ्या जगाच्या यंत्रांसाठी केलेला असतो, म्हणून तो अगडबंब असतो आणि आमच्या म्हाताऱ्या यंत्राची निम्मी मेमरी तोच खाऊन टाकायचा. उपाय एकच. त्याची यादी उघडायची, आपल्या यंत्रात नसलेल्या भागांच्या ओळी बाद करायच्या आणि उरलेल्यातून आपल्या मापाचा गाभा बांधून घ्यायचा. मणेरभाई म्हणायचे, "बांगडी हात बघून भरायची आस्ती, मॅडम. समद्यांना एकच माप घातलं तर निम्म्यांच्या हातात जात न्हाई अन् निम्म्यांच्या हातातनं पडती."

यादी शेकडो ओळींची. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते स्वतःलाच विचारायचे, "आपल्यात हाय का? न्हाई. मग कशाला?" आणि ओळ बाद. पुढे पुढे ही कसोटी यंत्रापुरती राहिली नाही. सायकलीचं मडगार्ड गेलं, कॅरियर गेलं, घंटी गेली. घंटी का काढली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, भोरात मला ओळखत नाही असं कोण आहे? मग रस्त्यात बैल, टेम्पो आणि कॉलेजची मुलं यांच्यामागे खाली उतरून चालत जायचे. एकदा स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांचा परिचय टाइप करायला त्यांच्याकडे दिला होता. बारा ओळींतल्या तीनच परत आल्या. 'विद्यार्थिप्रिय' गेलं, 'अष्टपैलू' गेलं, 'भोरचे भूषण' तर पहिल्याच फेरीत गेलं. पाहुणे आयत्या वेळी तो कागद वाचून जे बसले ते भाषणाला उठेनात.

हसायचे सगळे. मीही हसायचे. स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल मला बऱ्यापैकी जमायची, हे आता सांगताना बरं वाटत नाही.

त्या वर्षी बॅलन्स रूमची जागा झेरॉक्ससाठी हवी झाली. निकामी वस्तूंच्या निर्लेखनासाठी तिघांची समिती नेमली गेली: कॉमर्सचे एक सर, ऑफिसचे हेडक्लार्क आणि अध्यक्ष म्हणून मी. तिघांच्या सह्या झाल्या की यंत्र भंगारात. नियम साधा होता. वस्तू चालू असेल आणि वापरात असेल तर राहील, नाहीतर जाईल. तपासणी शनिवारी ठरली.

आणि यंत्र नेमकं तेव्हाच बंद होतं. वीज कडाडून पहिली डिस्क जळाली होती. मणेरभाईंनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक वापरलेली डिस्क आणली आणि तिच्यावर प्रणाली पहिल्यापासून बसवली. पण ती सुरू झाली की धापा टाकायची, कारण गाभा सीडीवरचा होता. आपल्या मापाचा पुन्हा बांधायला हवा होता आणि त्या म्हाताऱ्या यंत्राला त्यासाठी नऊ तास लागायचे.

ते भारनियमनाचे दिवस होते. धरण आमच्या उशाशी, पण भोरात सलग पाच तास दिवे राहिले तर लोक एकमेकांना विचारायचे, काय झालं म्हणून. सोमवारी चार तासांनी वीज गेली. मंगळवारी साडेचार तासांनी. अर्धं झालेलं काम तिथून पुढे सुरू करता येतं, असं त्यांच्याच पुस्तकात लिहिलं होतं. पण मणेरभाईंना ते पटत नसे. मधेच वीज गेल्यावर कुठला भाग कच्चा राहिला ते कोण सांगणार, असं म्हणून ते दर वेळी सगळं पुसायचे आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. मला त्यांचा राग आला होता. एवढ्या हट्टी माणसाला वाचवायचं तरी कसं?

बुधवारी ते यंत्र टेम्पोत घालून धरणावर, भाटघरला घेऊन गेले. तिथल्या वसाहतीत ओळखीचे एक जण होते आणि तिथली वीज सहसा जात नसे. दुसरी डिस्क मात्र त्यांनी नेली नाही. रस्त्याचे धक्के तिला सोसणार नाहीत म्हणून टॉवेलात गुंडाळून माझ्या लॅबच्या कपाटात ठेवायला दिली, आणि किल्ली मी माझ्याजवळच ठेवीन असं दोनदा वदवून घेतलं. गुरुवारी संध्याकाळी टेम्पो परत आला. मणेरभाई मागे यंत्राला मिठी मारून बसले होते. गाभा बांधून झाला होता.

शुक्रवारी दोन्ही डिस्क जोडून त्यांनी बटण दाबलं. मी मुद्दाम बघायला गेले. हजेरी सुरू झाली, मेमरी हजर, कीबोर्ड हजर, पहिली डिस्क हजर, आणि तिथेच त्यांचा आवाज थांबला. पहिली म्हणून भलतीनंच ओ दिली होती. भाटघरला एकच डिस्क असल्यामुळे तिला पहिला नंबर मिळाला होता आणि 'प्रणाली पहिल्या डिस्कवर आहे' असं त्यांनी गाभ्यात कायमचं कोरून टाकलं होतं. इथे टॉवेलातली डिस्क आधी बोलली, गाभा तिच्यात प्रणाली शोधायला गेला, सापडली नाही आणि यंत्र गप्प झालं. सीडीवरचा जुना गाभा? तो आपल्याला कशाला, म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी पुसला होता.

मी म्हटलं, मग ही दुसरी डिस्क काढून ठेवा. एकच राहिली की यंत्र चालू होईल, उद्या दाखवा आणि मोकळे व्हा.

"ती काढायची न्हाई," मणेरभाई म्हणाले.

मी समजावलं. यंत्र जाईल, असंही सांगितलं.

"गेलं तर गेलं, मॅडम. पर ती काढून दावायचं न्हाई."

मी चिडून निघून आले. त्या संध्याकाळी त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. डिस्कच्या पाठीवर नखाएवढी एक क्लिप असते, ती कुठे लावली आहे त्यावर हजेरीतला नंबर ठरतो. टॉवेलातल्या डिस्कची क्लिप केव्हाच हरवली होती. जळालेल्या डिस्कची काढून त्यांनी हिला बसवली आणि हिचा नंबर दुसरा केला.

शनिवारी आम्ही तिघं गेलो तेव्हा यंत्र चालू होतं. कॉमर्सच्या सरांनी खोलीतल्या वासाबद्दल नाक मुरडलं. हेडक्लार्क म्हणाले, चालतंय ते दिसतंय, पण याचा वापर काय? मणेरभाईंनी खोटं बोलायला हरकत नव्हती. मुलं शिकतात, प्रॅक्टिकल होतात, काहीही चाललं असतं. ते म्हणाले, "चालतंय, सायेब." पुन्हा विचारलं तरी तेच. दोघांनी सह्या केल्या, कागद माझ्या हातात दिला आणि चहाला गेले.

मी पेन काढलं. मणेरभाईंनी खुर्ची पुसून पुढे केली आणि म्हणाले, "मॅडम, सही करायच्या आदी एकदा बसा हितं."

मी बसले. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर माझं नाव आलं. आडनावासकट. त्याखाली इंग्रजीत एक ओळ होती: या व्यक्तीने अद्याप कधीही प्रवेश केलेला नाही. मग त्यांनी पूर्ण यादी दाखवली. प्राचार्य होते, शिपाई होते, तीन वर्षांत होऊन गेलेली सगळी मुलं होती, हॉटेलचा मालक होता, आणि मार्गासनीची बहीण होती, जिला सही करतानासुद्धा अंगठा लागायचा. प्रत्येकाच्या नावाचं या यंत्रात एक घर होतं. प्रत्येकापुढे तीच ओळ. ती सगळी घरं त्या दुसऱ्या डिस्कवर होती.

त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. परीक्षेच्या पेपरांसारखं चिकटवून सील केलेलं, वर माझं नाव. आत माझा पासवर्ड होता. मी तो टाइप करेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आत एक पत्र माझी वाट बघत होतं. मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिलेलं, तीन वर्षांपूर्वीचं. "मॅडम, यंत्र आलं त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, मणेरभाई, मला पण शिकवा हं. म्हणून तुमचं घर सगळ्यात आधी केलं. मी सकाळी साडेसातपासून असतो. या."

मी तसं म्हणाले असेन. आपण अशा गोष्टी म्हणतच असतो. मला आठवत नव्हतं आणि आठवत नाही हे त्यांच्याकडे बघून सांगायची माझी हिंमत झाली नाही. तीन वर्षं आमच्या मध्ये एक भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. मला फार शरम वाटली.

उत्तर कसं पाठवायचं ते मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं, कुठली की आधी, कुठली नंतर. मी एका बोटानं दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि त्यांनी सांगितलं तसं बाहेर पडले. मग कागदावर 'चालू आहे' याच्यापुढे 'वापरात आहे' असं लिहिलं आणि सहीची जागा कोरी ठेवली. ते खोटं नव्हतं. दोन मिनिटांपूर्वीपासून ते खरं होतं.

मणेरभाई खुर्चीत बसले. स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर एक ओळ आली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि मागे न बघता, संकोचानं म्हणाले,

"मॅडम, तुमी जरा भाईर थांबता का? माजं टपाल आलंय."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले आणि दार ओढून घेतलं.