मागखात्याचा ग्रुप फोटो

माधवनगरच्या प्रशांत होवाळनं त्या साली राजदूत फटफटी विकली आणि लेन्स घेतली!

साधीसुधी नव्हे, झूम लेन्स! जहाजावर नोकरीला असलेला त्याचा दोस्त महेंद्र ती जपानहून घेऊन आला होता. वजनाला वरवंट्यासारखी आणि फिरवली की कासवानं मान काढावी तशी लांब होणारी. त्यातून खरी करामत अशी की, तिच्या सांध्यासांध्यात रबर बसवलेलं. पाऊस, धूळ, धुकं, काहीही आत शिरणार नाही! आपल्या फोटो स्टुडिओच्या दारात उभं राहून प्रशांत येणाऱ्याजाणाऱ्यासमोर तिच्यावर ओंजळभर पाणी शिंपडायचा आणि रुमालानं पुसून म्हणायचा, "बघा! जशीच्या तशी!"

त्याची बायको आम्रपाली म्हणाली, "आवं, मग लय बेस झालं की! न्हाणीचं छप्पर गळतंय, तितं खाली हिलाच ठेवू!"

त्याचे वडील धोंडिराम एवढंच म्हणाले, "राजदूतवर बसून सांगलीला जाता येत व्हतं. आता हिच्यावर बसून जा."

धोंडिरामांची जिंदगी गिरणीच्या मागखात्यात गेली होती. आदल्या दिवाळीत गिरणी बंद पडली आणि खातं चहूकडं पांगलं. कुणी इचलकरंजीच्या मागावर गेलं, कुणी मार्केट यार्डात राखणीला बसलं, भाऊसो आष्ट्याला आपल्या शेतात परतला. गिरणी चालू होती तोवर एवढ्या माणसांचा एकत्र असा एकही फोटो निघाला नव्हता. निघणार कसा? तीन पाळ्या! एक आत, एक झोपलेली आणि एक वाटेवर. सगळं खातं एका जागी कधी यायचंच नाही.

"एकदा सगळ्यास्नी एका फोटोत बघायचं हाय," धोंडिराम एका संध्याकाळी सहज बोलून गेले.

झालं! प्रशांतनं मांडीवर थाप मारली. "आबा, तुमचं खातं पुढं आणि मागं ठोसेघरचा धबधबा! पाऊस असू द्या, न्हाईतर वादळ असू द्या. आपल्या लेन्सला काय फरक पडत न्हाई!"

ऑगस्टातल्या एका रविवारी जोतिबा ड्रायव्हरची मॅटाडोर माणसांनी गच्च भरून साताऱ्याकडं निघाली. भडंगाचे पुडे, भाकरीचे डबे आणि खर्ड्याचा ठसका. गाडीत प्रत्येक जण शेजाऱ्याशी असा ओरडून बोलत होता, जणू शेजारी कोयनेच्या पल्याड बसलाय! जन्मभर मागांच्या खडखडाटात राहून सगळ्यांचे कान गेलेले. ओरडूनही कळलं नाही की हात हलवायचे. गिरणीत त्यांची हातवाऱ्यांची एक बोलीच तयार झाली होती. खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, हंबीरराव तर अख्खी पाळी तोंड न उघडता चालवायचे म्हणे. प्रशांतनं त्या हातवाऱ्यांकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. तिथंच घात झाला.

ठोसेघरला पाऊस असा की समोरचा माणूस पुसट दिसावा. प्रशांतची छाती मात्र फुगली. कॅमेरा साधाच, म्हणून त्याला दुधाची रिकामी पिशवी घातली आणि लेन्स तेवढी ऐटीत उघडी ठेवली.

"तुमी हितंच ह्या कातळावर उभं ऱ्हावा. मी पल्याडच्या टेकाडावर जातो."

"एवढ्या लांब? आमी काय तुला चावतोय का?" हंबीररावांनी विचारलं.

"आवं, जवळनं काढला तर धबधबा धाग्याएवढा दिसंल. लांबनं झूम केला की तुमच्या खांद्यावर कोसळतोय असं वाटंल!"

मधला ओढा ओलांडून, चिखलात दोनदा बसून तो पल्याड पोचला. लेन्स फिरवली आणि वा! धबधबा खरोखरच माणसांच्या डोक्यावर आलेला. फक्त माणसं विखुरलेली. प्रशांत ओरडला, "जवळ या!" पण पावसाच्या आणि धबधब्याच्या आवाजात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मग त्यानं दोन्ही तळवे एकमेकांजवळ आणून दाखवले.

मागखात्यात त्याचा अर्थ, 'सूत तुटलंय, बघ!'

सगळं खातं खाली वाकून आपापल्या पायाशी बघायला लागलं.

"आरं, वर बघा! उंच माणसं खाली बसा!" प्रशांतनं हात जोरजोरानं खाली दाबला. त्याचा अर्थ, 'माग बंद!' सगळे जागच्या जागी ताठ झाले आणि चिंतेनं एकमेकांकडं बघायला लागले.

प्रशांत आता कातावला. एका हातानं कॅमेरा डोळ्याला धरला, बोट बटणावर ठेवलं आणि दुसरा हात डोक्यावर नेऊन गरागरा फिरवला. 'माझ्याकडं बघा!'

मागखात्यात त्याचा अर्थ एकच. आग! खातं सोडा!

पुढं जे झालं ते बघून धबधबाही क्षणभर थांबला असेल! गुडघे धरून चालणारी माणसं हरणासारखी उधळली. दचकून प्रशांतचं बोट बटणावर दाबलं गेलं. "आग! आग!" करत लोंढा मॅटाडोरकडं आला. केबिनमध्ये पेंगणाऱ्या जोतिबाला वाटलं, इंजिनच पेटलं! त्यानं खाली उडी टाकून झाकण उघडलं. इंजिनातून गरम वाफ आली मात्र, प्यायच्या पाण्याची कॅन, चहाची किटली आणि भाऊसोनं घरून आणलेलं ताक, सगळं त्यावर रिकामं झालं!

पण एक माणूस तिकडं गेलाच नव्हता. धोंडिराम उलट्या दिशेनं, टेकाडाकडं धावत सुटले होते. ओढ्याच्या काठावर त्यांचा पाय सरकला आणि ते थेट कमरेएवढ्या पाण्यात पडले.

गळ्यात कॅमेरा तसाच घेऊन प्रशांत घसरत खाली आला आणि स्वतःही धपकन पाण्यात पडला. दुधाची पिशवी वाहून गेली. त्यानं वडिलांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं.

"आबा! लागलं का कुठं?"

धोंडिराम धापा टाकत म्हणाले, "आग कुठाय?"

"कसली आग?"

"तूच सांगितलंस की!"

"आवं, एवढ्या पावसात आग कशी लागंल?"

धोंडिरामांनी आभाळाकडं बघितलं. मग मुलाकडं. "ते पळताना ध्यानात आलं न्हाई गड्या."

आणि ते हसायला लागले. गिरणी बंद झाल्यापासून ते असे हसलेच नव्हते. ताक प्यालेली मॅटाडोर काही सुरू होईना, तेव्हा साऱ्या खात्यानं ती ढकलली, आणि ढकलतानाही माणसं हसून हसून रस्त्यावर बसत होती.

कॅमेरा कायमचा गेला. लेन्समध्ये मात्र एक थेंब शिरला नव्हता! पाणी लागलेला रोल प्रशांतनं घरीच धुतला. एकच फोटो धड निघाला. डोक्यावर कोसळणारा धबधबा, त्याच्या म्हणण्याप्रमाणं अगदी खांद्यावर! आणि खाली सगळं मागखातं, पाठमोरं, पळताना.

बघायला आलेल्यांनी एकमेकांना पाठीवरून ओळखलं. हंबीरराव चष्मा वरखाली करत राहिले. "मी कुठं हाय रं?"

"तुमी तवर गाडीत बसला व्हता!" धोंडिराम म्हणाले.

त्या सगळ्या पाठींत चेहरा एकच होता. धोंडिरामांचा. तोंड उघडं, डोळे मोठे, कॅमेऱ्याकडं धावत येणारा. "ह्यो लय वाईट आलाय," ते कुरकुरले. "गबाळ्यासारखा दिसतोय." प्रशांतनं तो फोटो मोठा करून स्टुडिओत लावला.

वर्षं गेली. खात्यातलं एकेक माणूस कमी होत गेलं. एके सकाळी आष्ट्याहून भाऊसोची बायको सुलाबाई आली. "ह्यांचा एखादा फोटो पायजे व्हता. भितीला लावायला."

प्रशांत ओशाळला. "काकू, माझ्याकडं हाय, पण पाठमोरा हाय ओ. पळतानाचा."

"असू दे की. सारा जलम मी त्यास्नी गिरणीकडं पळतानाच बघितलंय."

ती फोटोजवळ गेली आणि एका पाठीवर बोट ठेवलं. पाठीच्या कडेनं, काखेत घट्ट दाबलेलं काहीतरी चकाकत होतं.

"ह्यो बघा माझा डबा! आग लागली तरी सोडला न्हाई. आणि घरात रोज म्हणायचे, तुझ्या भाकरीला चव न्हाई!"

तिनं पदरानं डोळे टिपले. प्रशांतनं हळूच विचारलं, "एकट्यांचा कापून, मोठा करून देऊ का?"

"द्या," सुलाबाई म्हणाली. "पर डबा कापू नगा."