वालूरचं बँकॉकी सूप

मनकर्णाने नवऱ्यापुढे ताट सरकवलं तसं भागवतने नाक मुरडलं.

"वरन बरं हाय म्हना. पर बँकॉकचं सूप ते सूप! शेवया, नारळाचं दूध, वरून अननस. लय नाजूक काम."

महिनाभर मनकर्णा हेच ऐकत होती. भागवतचं वालूरला खताचं दुकान. हंगामात त्याने इतकी पोती खपवली, की कंपनीने खूश होऊन त्याला चार दिवस बँकॉकला नेऊन आणलं. तेव्हापासून बारसं असो की दुकानाची फीत कापणं, हात भागवतचाच. कुणाची म्हैस अडली तरी लोक विचारत, "भागवतराव, बँकॉकला काय करतेत?" आणि भागवत सांगायचाही.

खरं काय ते त्यालाच ठाऊक. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या बाजारात त्याला गाड्यावर तळलेले नाकतोडे दिसले. वीत वीत लांबीचे! त्यातल्या एकाने तर तळलेला असून भागवतकडे बघून डोळा मारला. भागवत जो हॉटेलच्या खोलीत शिरला, तो विमानाच्या वेळेलाच बाहेर आला. चारही दिवस मनकर्णाने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सूप त्याने पाहिलं होतं, नाही असं नाही. हॉटेलच्या कार्डावर, फोटोत.

आज मात्र मनकर्णाने ताट मागे ओढलं आणि त्याच्यापुढे दाणकन अननस आदळला.

"परभनीहून मागवलाय. दिवस मावळायला सरपंच आबासाहेब, शेजारची वच्छलाबाई, सगळी गल्ली जेवायला यायलीय. सांगा आता कसं करायचं."

भागवतने मनात हिशेब केला. खरं फुटलं तर आबासाहेबांच्या शेजारची मानाची खुर्ची गेली, आणि पोरंसोरं दुकानासमोर नाकतोडे नाचवणार.

"फळ शिजवायचं का कच्चं?"

"अर्धं शिजवायचं."

"तिखट का गोड?"

"दोन्ही."

"मीठ?"

"घालतेत. पर लाजत लाजत."

"मोबाईलवर बघितलं मी, मासळीचं पानी घालतेत म्हने. आबासाहेबांच्या गळ्यात माळ हाय!"

"माळकऱ्याला तिथं येगळं करतेत," भागवत म्हणाला, आणि आपल्याच हुशारीने त्याला घाम फुटला.

फोटोत हिरवी लांब पाती होती, म्हणून गवती चहाची पेंढी पातेल्यात गेली. घरच्या शेवया शिजून त्यांचा लगदा झाला. नारळाचं दूध कमी पडलं, म्हणून म्हशीचं ओतलं. त्यात अननस पडला मात्र, पातेल्यातून असा आवाज आला की ओसरीवरचं मांजर जे पळालं ते म्हणे थेट बोरी गावात दिसलं.

"आवं, हे तर फाटलं की!"

"फाटलंच पायजे. तिथं फाटल्याबिगर वाढतच न्हाईत."

संध्याकाळी पंगत बसली. वाडगी भरली. कुणी तोंड लावेना.

"तुमी आधी, भागवतराव," आबासाहेब म्हणाले. "बराबर झालं का तेवढं सांगा."

भागवतने घोट घेतला. आयुष्यातला पहिला. त्याला सात पिढ्यांचे पूर्वज एका रांगेत उभे दिसले, सगळे नाक धरून. पण गाव बघत होतं.

"अगदी तसंच," तो म्हणाला.

मग काय! ज्याला आवडणार नाही तो गावंढळ. आबासाहेबांनी डोळे मिटून घोट घेतला आणि बराच वेळ उघडले नाहीत. "उच्च हाय," ते कसेबसे म्हणाले.

"मला तर चव लगीच कळली," वच्छलाबाई म्हणाली आणि उरलेलं सूप नवऱ्याच्या वाडग्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईकडे सूप. तिसऱ्या दिवशी आबासाहेबांकडे. बघता बघता सूप नाही ते घर मागासलेलं ठरलं. अननस संपले तशी पपई आली, पपईमागून सीताफळ बियांसकट. आणि प्रत्येक घरात पहिला घोट कुणाचा? चवीला दुसरं जाणकार होतं कोण! चार दिवस बँकॉकमध्ये जे चुकवलं, ते भागवत वालूरमध्ये दोन्ही वेळ पीत होता.

घरी यावं तर मनकर्णा भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन बसलेली.

"चतकोर दे की गं."

"आवं, सीताफळाच्या सुपावर भाकर? बाधंल न्हाई का?"

अकराव्या दिवशी भागवतचा पट्टा तीन भोकं आत गेला. आबासाहेबांच्या अंगणात माणसं जमली होती, बायाही होत्या. भागवतने हात जोडले.

"आबासाहेब, खरं सांगतो. मी ते सूप खाल्लंच न्हाई. किड्याला भिऊन खोलीत बसलो. चार दिवस दशम्या खाल्ल्या. मला काही कळत न्हाई."

आबासाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले.

"बघा रे," ते म्हणाले. "मोठा मानूस असा असतोय. जग फिरून आला, पर म्हनतो मला काही कळत न्हाई."

"न्हाई तर आमचे हे," वच्छलाबाई म्हणाली. "एकदा नांदेडला गेले, त बारा वर्ष झाले सांगायलेत."

"अहो, देवाशपथ!" भागवत ओरडला.

"आन् शपथबी घ्यायलाय! काय हा नम्रपना!" आबासाहेब म्हणाले. "सूनबाई, मोठं वाडगं आना."

साऱ्या गावात भागवतचं खरं मानलं ते एकट्या मनकर्णाने. तिने पदर तोंडाला लावला, हसू आत ढकललं आणि म्हणाली,

"आबासाहेब, तळाचं वाढा. त्यांला घट्ट लय आवडतंय."